पंचनाम्यांचे एकोणीस दिवस

पंचनामे हे काही त्यांचं आडनाव नव्हे. ते गल्लीनं बहाल केलेलं बिरुद. गॅसची टाकी आली की सील तपासून, टाकी हलवून, काट्यावर चढवूनच आत घेणार. पोस्टमननं पाकीट दिलं की आधी उजेडाकडे धरून चारी बाजूंनी पाहणार, कुणी वाफेवर उघडून परत चिकटवलंय का म्हणून. दाराशी काढलेली चप्पल बोटभर सरकलेली दिसली तरी यांची चौकशी सुरू. पंधरा वर्षं त्यांनी लष्करात ट्रक चालवला आणि तिथून सुटल्यावर चोवीस वर्षं एका गोदामाच्या फाटकावर बाहेर पडणाऱ्या गाड्या तपासल्या. त्या चोवीस वर्षांत फाटकातून एक खिळा चोरीला गेला नाही आणि एकही माणूस त्यांचा मित्र झाला नाही. या दोन्ही गोष्टी ते सारख्याच अभिमानानं सांगत.

अशा माणसाच्या घरी एका सकाळी रेकॉर्ड ऑफिसचं पाकीट आलं. मागवलं होतं मुलीनं. बाबांचे गुडघे कुरकुरायला लागलेत, माजी सैनिकांच्या दवाखान्याचं कार्ड काढून घेऊ, त्याला सेवेचा उतारा लागतो, असा तिचा सरळ हिशेब. तिनं बाबांना विचारलं नव्हतं, कारण विचारलं असतं तर कार्ड निघालं नसतं. ती स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहून मोठ्यानं वाचायला लागली. भरतीची तारीख, उंची, छातीवरची तिळाची खूण, बदल्या. मग तिचा आवाज जरा खाली आला.

"विनापरवानगी गैरहजर, दिवस एकोणीस. मोहिमेचं पदक, अपात्र." तिनं कागदावरून मान वर केली. "बाबा, हे काय आहे?"

"चूक आहे ती."

"पण कुठे होतात तुम्ही एकोणीस दिवस?"

आत नळ चालू होता. बायको भांडी घासत होती. म्हणजे एरवी घासत असायची. आत्ता नुसतंच पाणी पडत होतं, भांड्यांचा आवाज बंद झाला होता. पंचनाम्यांचे कान गुडघ्यांपेक्षा फार चांगले होते. त्यांनी मुलीच्या हातातून कागद ओढून घेतला आणि घडी घालून खिशात कोंबला.

त्रेचाळीस वर्षांपूर्वी, सरहद्दीवर लढाई चालू असताना, याच घरी लष्कराचं पत्र आलं होतं. आपला मुलगा कामावरून गैरहजर असून पळून गेल्याचा संशय आहे, घरी आल्यास ताबडतोब कळवावे. त्यांच्या म्हाताऱ्या बापानं ते दारात उभं राहून वाचलं होतं आणि अख्ख्या गल्लीनं ऐकलं होतं. पुढे पंचनामे घरी आले, ते पायावर चालत, ताठ मानेनं आले. पण गल्लीच्या नजरा त्यांना कळायच्या. गल्ली गेली खड्ड्यात. त्यांच्या जिवाला लागलं होतं ते वेगळंच. ओटीत दोन महिन्यांचं मूल घेऊन बसलेल्या बायकोनं त्या एकोणीस दिवसांबद्दल त्यांना काही म्हणजे काही विचारलं नाही. ना त्या दिवशी, ना नंतर. जेवायला वाढलं, पाणी तापवून दिलं, विचारलं मात्र नाही. ज्याला विश्वास असतो तो विचारतो, असं पंचनाम्यांचं गणित. ती गप्प राहिली म्हणजे तिनं मनाशी निकाल लावून टाकला होता. आपल्या बायकोच्या लेखी आपण पळपुटे आहोत, हे शल्य घेऊन या माणसानं तिच्याबरोबर त्रेचाळीस वर्षं संसार केला.

आजवर कागद दुरुस्त करून घेतला नव्हता, त्याचंही कारण होतं. ज्यांनी फाईल बिघडवली त्यांच्याकडेच ती सुधारून मागायची? पण त्या सकाळी बंद झालेला भांड्यांचा आवाज डोक्यातून जाईना. बायकोपुढे एकदा सरकारी शिक्क्याचा कागद ठेवायचा आणि म्हणायचं, वाच. एवढंच हवं होतं त्यांना. दुसऱ्या दिवशी ते बस धरून रेकॉर्ड ऑफिसात गेले.

तिथे दुरुस्तीच्या टेबलावर एक बाई होत्या. चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला, बोटांना शाई, टेबलाच्या कडेला फायलींचा ढीग. ‘बसा काका’ म्हणाल्या. पंचनामे उभेच राहिले. पहिल्याच भेटीत काका म्हणणाऱ्या माणसाला काहीतरी हवं असतं, असा त्यांचा अनुभव.

"काय झालं होतं ते तुमच्या शब्दांत सांगा," बाई म्हणाल्या.

"माझ्याच शब्दांत सांगणार. तुमच्या शब्दांत कसं सांगू?"

बाई हसल्या. हसल्या का, याचाही त्यांनी क्षणभर विचार केला आणि मग सांगायला लागले.

त्यांची वाहतूक कंपनी. तिथे माणसाला नाव नसायचं, तो गाडीच्या नंबरनं ओळखला जायचा. हे अकरा नंबर. त्यांचा जोडीदार सात नंबर. तीन तारखेला ताफा नदीवरच्या तात्पुरत्या पुलाशी पोचला आणि अकरा नंबरचा आस मोडला. गाडी कडेला ढकला आणि पुढे चला, असा हुकूम. त्याच वेळी सात नंबर तापानं फणफणून स्टिअरिंगवर आडवा झालेला. परत जाणारी एक रुग्णवाहिका दिसली, तिच्यात त्याला घातला, आणि हे सात नंबरवर चढले. गाडीत तोफगोळे होते, ते थांबून राहणारे नव्हते. पलीकडे गेल्यावर ताफ्यातल्या गाड्या वेगवेगळ्या तुकड्यांना वाटून दिल्या. हे एका तोफखान्याच्या दिमतीला लागले. तिथेही त्यांना कुणी नाव विचारलं नाही. गाडीच्या दारावर सात लिहिलेलं, म्हणून हाकही ‘ए सात’ अशीच. एकोणीस दिवस, रोज तीन खेपा, कधी चार. गाडी बदलल्याचं एकट्या ताफाप्रमुखाला माहीत होतं, आणि बाराव्या दिवशी तो गोळ्याच्या तडाख्यात गेला.

"परत आलो तर कंपनीत मी पळपुटा. नदीकाठी माझी गाडी सापडली, मी नाही. मी नव्या साहेबांना सांगितलं, मी सातवर होतो. त्यांनी सातचं लॉगबुक उघडलं आणि म्हणाले, सातवर सातच होता, हा बघ त्याचा बिल्ला नंबर, एकोणीस दिवस. सात तर तिकडे पडलेला. म्हणजे कंपनीच्या कारकुनानं लॉगबुक नवीन लिहून काढलं. माझं आणि त्याचं वाकडं होतं. सात त्याच्या गावचा. पदक गावच्या पोराला दिलं आणि मला पळपुटा केलं. अख्ख्या गोष्टीत पाणी मुरतंय बाई, त्रेचाळीस वर्षं मुरतंय."

"तुम्ही ते लॉगबुक हातात घेऊन पाहिलंत का?"

"काय पाहायचं? मी तिथल्या तिथे कारकुनाची गचांडी धरली. त्याचे सात दिवस जास्तीचे पहारे मिळाले."

बाईंनी सगळं लिहून घेतलं आणि महिन्याभरानं या म्हणाल्या. पंचनाम्यांनी त्यांच्याकडून अर्जाच्या पोचेवर सही घेतली, तारीख घातली की नाही ते पाहिलं, वेळही घालून घेतली. बाहेर पडताना त्यांच्या मनात पाल चुकचुकलीच. एवढ्या सहज ऐकून घेतलं म्हणजे फाईल गायब करायचा बेत दिसतो.

फाईल गायब झाली नाही. उलट महिन्यानं बाईंनी तळघरातून एक मळकं, कोपरे कुरतडलेलं पुस्तक आणून त्यांच्यासमोर ठेवलं. सात नंबरच्या गाडीचं लॉगबुक. "मूळ प्रत आहे," त्या म्हणाल्या. "बघा, कुणी नवीन लिहून काढलंय का."

पंचनाम्यांनी खिशातून भिंग काढलं. ते घेऊनच आले होते. तीन तारखेच्या पानापाशी त्यांनी भिंग लावलं.

अक्षर त्यांचंच होतं. किलोमीटर, निघाल्याची वेळ, पोचल्याची वेळ, सगळं त्यांच्या त्या उजवीकडे कलणाऱ्या अक्षरात. समासात प्रत्येक ओळीपुढे एक बारीक आकडा होता. तोही त्यांचाच. डिझेल कुणी काढून घेतं की काय या धास्तीनं प्रत्येक थांब्यावर ते टाकीत काठी बुडवत आणि ती किती बोटं भिजली ते मोजून समासात लिहीत. कंपनीत दुसरं कुणी असला उपद्व्याप करत नसे. आणि चालकाच्या बिल्ला नंबरचा रकाना? दोन तारखेला सातनं स्वतःचा नंबर लिहिला होता. त्याखाली तीन तारखेला दोन छोट्या रेघा. चार तारखेला दोन रेघा. पाच, सहा, सात. एकवीस तारखेपर्यंत रेघाच रेघा. वरीलप्रमाणे, वरीलप्रमाणे, वरीलप्रमाणे.

सगळे चालक तसंच करत. गाडी कायम एकाच माणसाकडे, तेव्हा नंबर रोज कोण लिहीत बसणार? वरच्या ओळीकडे न बघता दोन रेघा मारायच्या आणि पुढच्या रकान्याकडे वळायचं. हाताला सवयच ती. त्या सवयीनं पंचनाम्यांनी एकोणीस दिवस, दिवसाला तीन-तीन वेळा, स्वतःला पुसून टाकलं होतं. जगातल्या प्रत्येक माणसाची सही तपासणाऱ्या या माणसानं एक रकाना तेवढा तपासला नव्हता.

"कारकुनानं काही केलं नाही," ते म्हणाले.

"नाही," बाई म्हणाल्या.

त्या एका शब्दाचा त्यांना फार राग आला. कारकून मरून दहा वर्षं झाली होती. त्याच्या मरणाची बातमी ऐकून पंचनाम्यांनी त्या दिवशी दोनदा चहा मागितला होता. आता ते आठवलं आणि त्यांना स्वतःची लाज वाटली, अगदी कानशिलं तापेपर्यंत. पण संशय हा असा भाडेकरू आहे की एका खोलीतून काढला की दुसऱ्या खोलीत बिऱ्हाड मांडतो. बस घराजवळ येईपर्यंत त्यांनी ठरवून टाकलं, कारकून नसेल, पण सात तर होताच ना? पदक आलं तेव्हा त्यानं घेतलं कसं?

सातकडे जाणं भागच होतं. बाईंनी सांगितलं होतं, अक्षर आणि काठीचे आकडे चांगला पुरावा आहे, पण दुरुस्ती मंजूर करणारं मंडळ विचारील की मग सात नंबर त्या दिवसांत कुठे होता. तो इस्पितळात होता याचा कागद आणा. आणि त्यांनी हेही स्पष्ट सांगितलं होतं की हा कागद आला की सातचं पदक जाणार. म्हणजे जो माणूस कागद देईल तोच त्यात बुडणार. पंचनामे मनात म्हणाले, आता बघू, कसा देतो ते.

सातचं टायर पंक्चरचं दुकान होतं, एका वाहत्या रस्त्याच्या वळणावर. दारात पाण्याची टाकी, भिंतीवर खिळ्यांना अडकवलेल्या ट्यूबा. टकलावर टोपी घातलेला एक म्हातारा उकिडवा बसून ट्यूबचे बुडबुडे शोधत होता. त्यानं वर पाहिलं.

"अकरा," तो म्हणाला. "लेका, फार उशीर केलास."

पंचनाम्यांनी घसा साफ केला. येताना त्यांनी भांडणाची सगळी वाक्यं जुळवून आणली होती. "मला इस्पितळाचा कागद पाहिजे."

सात उठला, हात पुसले, आत गेला आणि पत्र्याच्या डब्यातून एक पिवळं कार्ड घेऊन आला. तीन तारखेला दाखल, सत्तावीसला सुटका, विषमज्वर. पंचनाम्यांनी ते भिंगाखाली धरलं, शिक्का पाहिला, मागची बाजू पाहिली, तारखा दोनदा मोजल्या.

"खरंच आहे ते," सात म्हणाला. "खोटं असतं तर एवढी वर्षं जपून ठेवलं असतं का?"

"तुझं पदक जाईल."

"जाऊ दे. मला दुसऱ्या कंपनीत टाकलं होतं, दोन वर्षांनी ते टपालानं आलं. मी लिहिलं त्यांना, मी तर पडून होतो बाबांनो, गाडीवर अकरा होता. उत्तर नाही. परत लिहिलं, उत्तर नाही. मग कळलं की तू मला चोर म्हणत फिरतोयस. मी म्हटलं, म्हणू दे. त्याला खरंच वाटत असेल तर येईल विचारायला." त्यानं ट्यूब परत पाण्यात बुडवली. "त्रेचाळीस वर्षं मी त्या पदकाला हात लावलेला नाही. बायकोनं एकदा चकचकीत केलं तर तिच्यावर ओरडलो."

पंचनामे स्टुलावर बसले. माफी मागायची त्यांना सवय नव्हती, आणि सवय नसलेलं काम सत्तराव्या वर्षी पटकन जमत नाही. "त्या दिवशी तू फार जड होतास," ते शेवटी म्हणाले. "रुग्णवाहिकेत चढवताना माझी पाठ धरली होती." सात हसला, आणि तेवढ्यावर तो विषय मिटला. पुढे दोघांनी चहा घेतला, पण गप्पा काही रंगल्या नाहीत.

कार्ड दाखल झालं. पंचनाम्यांना पहिल्यांदाच वाटायला लागलं की आता गाडी रुळावर आली. घरी ते बायकोकडे वेगळ्याच नजरेनं पाहू लागले. ती धुतलेले कपडे झटकत असली की मनात म्हणायचे, थांब, थोडे दिवस थांब. ती मात्र दिवसेंदिवस गप्प होत चालली होती. रेकॉर्ड ऑफिसचं नाव निघालं की उठून आत जाई. तिला हा खटाटोप पोरकट वाटत असेल, असं त्यांनी धरलं. किंवा खोटा.

आणि मग मंडळाचं पत्र आलं. लॉगबुक मान्य, कार्ड मान्य. परंतु फाईलमध्ये शोधपथकानं अकरा तारखेला आपल्या घरी घेतलेला जबाब आहे. घरातील व्यक्तीच्या सांगण्यानुसार आपण नऊ तारखेला पहाटे घरी आला होतात व जेवून निघून गेलात. या विसंगतीचा खुलासा करावा.

पंचनाम्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. नऊ तारखेला ते नदीपलीकडे होते, गाडीखाली पालथे पडून, कानांत बोटं घालून. घरी आला होता? कुणी सांगितलं? जबाबावर नाव नव्हतं, नुसतं ‘घरातील व्यक्ती’. त्यांनी घराची झडती सुरू केली, मनातल्या मनात. बाप? तो तर पत्र आल्यापासून अंथरुणाला खिळलेला. आई? तिला अनोळखी माणसापुढे तोंड उघडता येत नसे. राहता राहिला धाकटा भाऊ. शाळेपासून हेवा करायचा. घर आपल्या नावावर होईल असं वाटलं असणार त्याला. त्यांनी फोन लावला आणि नमस्कार-चमत्कार न करता विचारलं, "अकरा तारखेला शिपायांना तू काय सांगितलंस?"

पलीकडून धाकटा बिचारा विचारत होता, कुठली अकरा तारीख, दादा, बरा आहेस ना?

"नाटकं करू नकोस. रक्ताच्या भावाला..."

फोन कुणीतरी हातातून काढून घेतला. बायको. तिनं दिराला ‘नंतर बोलते भाऊजी’ म्हणून सांगितलं आणि फोन ठेवून दिला.

"त्यांना कशाला बोलताय?" ती म्हणाली. "मीच सांगितलं होतं ते."

पंचनाम्यांना आधी ते नीट कळलंच नाही. मग कळलं, आणि ते खाटेवर बसले.

"तू?"

"उद्या येते तुमच्याबरोबर त्या बाईंकडे. काय सांगायचं ते तिथेच सांगते. दोनदा नाही सांगता यायचं मला."

एवढं बोलून ती आत गेली, आणि पंचनाम्यांच्या डोक्यात जे थैमान सुरू झालं ते दुसऱ्या दिवशी बस येईपर्यंत थांबलं नाही. सगळं आयुष्य ज्यानं दुसऱ्यांच्या खिशात पाहिलं त्याच्या मनात काय काय येऊ शकतं ते लिहायलाही बरं वाटत नाही. नऊ तारखेला पहाटे या घरी कुणीतरी आलं होतं का? जेवून गेलं होतं का? मग कोण? तिला आपण परत यायलाच नको होतो का? बसमध्ये ती खिडकीशी बसली होती, मांडीवर पिशवी, पिशवीवर दोन्ही हात. तिचे हात म्हातारे झालेत, हे त्यांना त्या दिवशी दिसलं. तरीही त्यांच्या मनातला प्रश्न काही हटला नाही.

रेकॉर्ड ऑफिसातल्या बाईंनी तिला खुर्ची दिली आणि नवा कागद घेतला. पंचनामे भिंतीशी उभे राहिले, साक्षीदाराकडे पाहावं तसं तिच्याकडे पाहत.

"अकरा तारखेला दोघं आले," ती म्हणाली. आवाज तिचा रोजचाच होता, भाजीवाल्याशी बोलावं तसा. "एक वयस्कर होता, एक तरणा. त्यांनी माळा बघितला, मोरी बघितली, पाळण्याखाली वाकून बघितलं. मी म्हटलं, हे नाहीत आले. खरंच सांगितलं आधी. तेव्हा तो वयस्कर म्हणाला, बाई, नदीकाठी गाडी सापडलीय, माणूस नाही. घरी आला नसेल तर पुलावरून गेला. मग बेपत्ता, बहुधा मृत, असं लिहावं लागेल. आणि त्यानं खिशातून पेन काढलं."

तिनं पदरानं ओठ पुसले. बाई लिहायच्या थांबल्या होत्या.

"त्या आठवड्यात आमच्या गल्लीत दोन तारा आल्या होत्या. दोन्ही घरची रडारड भिंतीतून ऐकू यायची. त्यानं पेनाचं टोपण काढलं आणि मला वाटलं, हा लिहील आणि ते खरं होईल. मी म्हटलं, थांबा. आले होते. परवा पहाटे आले, जेवले, मागच्या रस्त्यानं गेले."

"खोटं सांगितलंत?"

"खोटं सांगितलं. ते ह्यांना मेले म्हणून लिहिणार होते. मी म्हटलं, लिहायचंच आहे ना, मग पळाले म्हणून लिहा."

पंचनाम्यांनी भिंतीला हात लावला. गेल्या अठरा तासांत त्यांनी मनात जे जे आणलं होतं ते सगळं आठवून त्यांना तिथे, त्या परक्या बाईसमोर, रडू फुटलं. त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. त्या कागदावरून गेली त्रेचाळीस वर्षं ते जे शोधत होते, तो दगा नव्हताच कुठे. एका बाजूनं त्यांच्याच हाताच्या दोन रेघा होत्या आणि दुसऱ्या बाजूनं ही.

बाईंनी जबाब टाईप करायला दिला आणि दोघांना बाहेरच्या बाकावर बसायला सांगितलं. "आता मंडळ अडवणार नाही," त्या पंचनाम्यांना म्हणाल्या. "पदक मिळेल तुम्हाला."

समोरून शिपाई फायली घेऊन जात-येत होता.

"परत आलो तेव्हा का नाही सांगितलंस?" त्यांनी विचारलं. "मला वाटत राहिलं, मी पळालो असंच तुला वाटतंय. तू कधी विचारलंच नाहीस."

"विचारलं असतं तर तुम्ही सांगितलं असतंत कुठे होतात ते. मग मलाही सांगावं लागलं असतं मी काय केलं ते." ती पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होती. "तुम्ही आलात ते कारकुनाला शिव्या देतच आलात. मग साहेबांना, मग त्या सातला, मग गल्लीला. कुणी दगा दिला, कुणी दिला, रोज तेच. रात्री झोपेतसुद्धा नावं घ्यायचात. मी मुलीला मांडीवर घेऊन ऐकायची. उद्या सांगू, उद्या सांगू म्हणत राहिले. आणि खरं सांगू का, मला आनंदच होता हो. लोक पळपुटा म्हणायचे आणि मी मनात म्हणायची, म्हणा, घरात आहे ना माझा माणूस."

तिनं बंद बोटावरून सोडवला आणि त्यांच्याकडे पाहिलं.

"सांगितलं असतं तेव्हा," ती म्हणाली, "तर मलाही तुम्ही त्यांच्यातच धरली असती ना?"

खोटं बोलणं सोपं होतं, आणि त्या घटकेला तेच बरं दिसलं असतं. पण शेजारी बसलेल्या बायकोनं आत्ताच चारचौघांत त्रेचाळीस वर्षांचं खोटं उघडं करून दाखवलं होतं.

"धरली असती," ते म्हणाले.

तिनं मान हलवली. आतून बाईंनी हाक मारली, जबाब तयार आहे, सही करायला या. ती गुडघ्यावर हात टेकून उठली आणि एकटीच आत गेली.